मानकातली आकृती अर्धंच सांगते

कोल्हापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कॉम्प्युटर नेटवर्क्स शिकणाऱ्या मुलांना ओएसपीएफ, बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलांची नावं पाठ असतात. पण स्वतः प्रोग्राम लिहून पॅकेट उलगडायला बसलं की आकडे जुळत नाहीत. आरएफसी या मानक-दस्तऐवजातली पॅकेटची चौकट पाहून झालेली असते, तिच्याखालचा मजकूर वाचायचा राहिलेला असतो. फील्ड किती बिटांचं हे चौकट सांगते. ते वाचायचं कसं, हे मजकूर सांगतो.

गैरसमज १ : बिट ० म्हणजे सर्वांत कमी किमतीचा बिट.

वस्तुस्थिती : आरएफसींच्या आकृत्यांत उलटं असतं. १९८१ च्या आरएफसी ७९१ च्या परिशिष्टात स्पष्ट म्हटलं आहे, की डावीकडचा बिट ० हा सर्वाधिक किमतीचा आणि मोठ्या किमतीचा बाइट आधी जातो. आपले लॅपटॉप बहुधा लहान किमतीचा बाइट आधी ठेवतात. बीजीपीच्या मानकाने सुचवलेला होल्ड टाइम, म्हणजे शेजाऱ्याकडून काहीच आलं नाही तर वाट पाहायचा वेळ, ९० सेकंदांचा आहे. त्याचे दोन बाइट उलटे वाचले, तर २३०४० सेकंद होतात, म्हणजे ६ तास २४ मिनिटं! इतकाच होल्ड टाइम ठरला, तर शेजारचा राउटर बंद पडल्याचं तासन्‌तास कळणार नाही.

गैरसमज २ : फील्डमधली संख्या सगळीकडे सारख्याच पद्धतीने वाचायची.

वस्तुस्थिती : जिओचा एएस क्रमांक, म्हणजे बीजीपीत तिच्या नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक, ५५८३६ आहे. तो चिन्हासहित १६ बिटी संख्या म्हणून वाचला तर −९७०० दिसतो. तेव्हा एएस क्रमांक चिन्हाशिवायच वाचायचा. ओएसपीएफमध्ये कोणती माहिती नवी हे ठरवणारा सीक्वेन्स नंबर मात्र चिन्हासहित ३२ बिटी आहे. तो −२१४७४८३६४७ पासून सुरू होऊन वाढत जातो. तो चिन्हाशिवाय वाचला, तर ऋण क्रमांकाची जुनी माहिती धन क्रमांकाच्या माहितीपेक्षा नवी ठरते आणि राउटर कालबाह्य नकाशावर विसंबतो.

गैरसमज ३ : आयपीव्ही४ पत्ता म्हणजे चार बाइट, नेहमीच.

वस्तुस्थिती : बीजीपी मार्ग कळवताना आधी एका बाइटमध्ये लांबी लिहितो, तीही बिटांत. त्यानंतर गरजेपुरतेच बाइट येतात. १०.२०.०.०/१६ हा मार्ग तीनच बाइटांत मावतो : १६, १०, २०. लांबी /२० असेल तर पत्त्याचे तीन बाइट येतात आणि शेवटच्या चार बिटांना काही अर्थ नसतो. दर वेळी चार बाइट उचलणारा प्रोग्राम पुढच्या मार्गात घुसतो आणि तिथून पुढचं सगळं वाचन चुकतं.

गैरसमज ४ : फील्डमध्ये मावेल ती प्रत्येक किंमत खरी संख्याच असते.

वस्तुस्थिती : आरआयपी या राउटिंग प्रोटोकॉलचं मेट्रिक (अंतराचं) फील्ड ३२ बिटांचं आहे, पण १६ याचा अर्थ 'पोहोचता येत नाही'. बीजीपीत २३४५६ हा एएस क्रमांक कोणत्याही कंपनीचा नाही, तो राखीव आहे. बीएसएनएलचा एएस क्रमांक ९८२९ दोन बाइटांत बसतो, पण सगळेच बसत नाहीत. आशिया-पॅसिफिक विभागाच्या चार बाइटी क्रमांकांचा गट १३१०७२ पासून सुरू होतो, आणि अलीकडे क्रमांक घेतलेल्या लहान ब्रॉडबँड कंपन्यांकडे असे सहा आकडी क्रमांक असतात. ते जुन्या दोन बाइटी फील्डमध्ये बसत नाहीत, म्हणून तिथे २३४५६ लिहितात आणि खरा क्रमांक वेगळ्या जागी पाठवतात.

गैरसमज ५ : अनोळखी बिट किंवा गुणधर्म दिसला की पॅकेट चुकीचं.

वस्तुस्थिती : बीजीपी मार्गासोबत जे गुणधर्म पाठवतो, त्यांच्या फ्लॅग बाइटमधले खालचे चार बिट पाठवणाऱ्याने शून्य ठेवायचे आणि घेणाऱ्याने त्यांकडे दुर्लक्ष करायचं, असा नियम आहे. उद्याची सुधारणा आजच्या राउटरांना बंद न पाडता यावी, यासाठी ही सोय आहे. २७ ऑगस्ट २०१० रोजी एका संशोधन प्रयोगात नियमाला धरूनच एक अनोळखी गुणधर्म पाठवला गेला. काही राउटरांनी तो पुढे देताना बिघडवला, शेजाऱ्यांनी जोडण्या तोडल्या आणि इंटरनेटचा काही भाग विस्कळीत झाला. २०१५ च्या आरएफसी ७६०६ ने नियम बदलला : गुणधर्मातल्या बऱ्याच चुकांसाठी आता अख्खी जोडणी तोडायची नाही, तो मार्ग मागे घेतल्याचं समजायचं.

म्हणून कोड लिहिण्याआधी प्रत्येक फील्डपुढे पाच गोष्टी वहीत लिहा : रुंदी, बाइटांचा क्रम, चिन्ह, एकक आणि राखीव किमती. आरएफसी फुकट वाचायला मिळतात. राउटर आपली चूक स्वतःपाशी ठेवत नाही, ती शेजाऱ्यांना कळवतो. त्यामुळे मजकूर शेवटपर्यंत वाचणं ही नेटवर्क इंजिनिअरची पहिली जबाबदारी आहे.