वरचे राहू द्या

रात्रीचे साडेनऊ. मुळशी तालुक्यातल्या जांबे गावात एखाद्या टॉवरच्या फाटकाशी दुचाकी थांबते. चौकोनी पिशवी खांद्यावरून उतरते, वॉचमन मजला विचारतो, नोंद होते आणि बऱ्याच सोसायट्यांत ऐकू येतं तेच वाक्य इथंही येतं, 'सर्व्हिस लिफ्टनं जा.' पिशवीत मोमो आणि हक्का नूडल्स. वाफवणारा दार्जिलिंगकडचा किंवा नेपाळचा, आणणारा लातूर-परभणीचा, चौदाव्या मजल्यावर दार उघडणारा हिंजवडीतल्या आयटी पार्कमधला, मूळचा इंदूरचा नाहीतर नागपूरचा. या सगळ्यात मुळशीचा म्हणावा असा फक्त पत्ता.

टिपेचा निकाल मात्र केव्हाच लागलेला असतो. ऑर्डर देतानाच पडद्यावर 20, 30, 50 चे पर्याय येतात. तेव्हा कढई तापलेली नसते आणि पार्सल कोण आणणार हेही ठरलेलं नसतं.

परक्यांचं जेवण पोचवण्याचा धंदा मुळशीला नवा नाही. उलट तो इकडच्यांनीच नावारूपाला आणला. मुंबईचे डबेवाले मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यातले. महादू हावजी बच्चे यांनी 1890 च्या सुमारास सुरू केलेल्या या कामात पोटासाठी गाव सोडलेली माणसं होती. डबेवाल्याला रोज टिप कोणी देत नाही. दिवाळीला मात्र एका महिन्याचे पैसे जास्त द्यायची रीत आहे. गिऱ्हाईक तेच, माणूस तोच, त्यामुळे हा तेरावा महिना मागताना संकोच नसतो आणि देताना उपकाराचा आव नसतो.

मराठीत अशा वरच्या पैशाला शब्दही भरपूर. बक्षीस फारसीतून आलं. होळी-दिवाळीला मागायची ती पोस्त. काम करून घेण्यासाठी सरकवायचं ते चहापाणी, आणि ते टिपेच्या रांगेत बसवू नये. खळ्यावर मिळणारं बलुतं तर बक्षीस नव्हतंच, तो हक्काचा वाटा होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या 'गावगाडा'त या देण्याघेण्याचा बारीक हिशेब सापडतो.

हॉटेलातल्या टिपेची सवय पुण्याला लावली ती बहुधा बाहेरून आलेल्यांच्या हॉटेलांनी. डेक्कनचं गुडलक 1935 पासूनचं, इराण्याचं. फर्ग्युसन रस्त्यावरचं वैशाली उडुपीकडच्या शेट्टींचं. बिलाबरोबर बडीशेपेची ताटली येते, उरलेली चिल्लर तिथंच राहते. अनेक ठिकाणी ती एका डब्यात जमते आणि रात्री वेटरपासून मोरीवरच्या पोऱ्यापर्यंत वाटली जाते. पार्सल घरी आलं की ही वाटणी संपते. अ‍ॅपवरची टिप आणणाऱ्याची. मोमोच्या पाऱ्या लाटणाऱ्याला त्यातलं काही नाही, आणि त्याच्या मालकाच्या बिलातून कमिशन कापलं जातं ते निराळंच.

बरं, आणणाऱ्याला तरी किती? झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जानेवारी 2026 मध्ये एक्सवर आकडे मांडले. 2025 मध्ये रायडरची कमाई टिप वगळून तासाला सरासरी 102 रुपये, आणि टिप तासाला 2 रुपये 60 पैसे. शंभरातल्या जेमतेम पाच ऑर्डरींवर टिप पडते. पोस्टमध्ये पोस्त निघाली ती एवढीच! शिवाय 102 हा आकडा पेट्रोल आणि गाडीचा खर्च वजा करण्याआधीचा.

यात यूपीआयचाही हात आहे. रोखीच्या काळात 287 चं बिल झालं की तीनशे पुढे व्हायचे. रायडर सुट्ट्यांसाठी खिसे चाचपायचा, आणि समोरून 'वरचे राहू द्या' यायचं. तेरा रुपये कोणी ठरवून दिलेले नसायचे, ते सुटायचे. आता पैशाला पैसा जुळतो आणि काही सुटत नाही.

आधीच टिप मागणं सरकारलाही खटकलं आहे. मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'आगाऊ टिप'वरून उबरला नोटीस दिली. ते प्रकरण टॅक्सीचं. जेवणाच्या अ‍ॅपवर टिप दिली नाही तरी ऑर्डर येते, पण क्रम तोच: आधी बक्षीस, मग काम.

न्यूयॉर्कमध्ये हा क्रम काही काळ उलटला होता. अमेरिकेत टिप मिळवणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलर आहे, बाकीचं गिऱ्हाइकाच्या टिपेतून, ती कमी पडली तर मालकाने भरायचं. म्हणून न्यू जर्सीहून सुट्टीला आलेला भाचा इथंही वीस टक्के ठेवतो आणि मामी डोळे वटारते. न्यूयॉर्क शहराने अ‍ॅपच्या रायडरांना डिसेंबर 2023 पासून तासाला 17.96 डॉलर किमान मोबदला लावून दिला. मोठ्या कंपन्यांनी लगेच टिपेचं बटण ऑर्डरनंतर ढकललं, आणि टिपा घसरल्या. आपल्याकडे किमान मोबदलाच नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराचं नाव आलं, कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा निधीत घालण्याची तरतूद आली, पण ताशी दर नाही.

चौदाव्या मजल्यावर दार उघडतं. रेनकोटातून फरशीवर पाणी ठिबकतंय म्हणून रायडर उंबऱ्यापासून हातभर लांबच उभा. पार्सल पुढे करतो. पोस्त मागत नाही, टिपही नाही. 'सर, फाइव्ह स्टार द्या,' एवढंच म्हणतो आणि मोबाइल वाजतो म्हणून सर्व्हिस लिफ्टकडे वळतो.