ऊन साक्रीचं, चिमूट चांदीची

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी लिहिताना माझी जरा गाडी अडते. चुका सांभाळून घ्या. पण विषय गावाकडचा आहे, म्हणून मराठीतच लिहितो.

मी साक्रीचा. आमच्याकडे पाणी जपून वापरावं लागतं, ऊन मात्र भरपूर. तालुक्यातच शिवाजीनगरला 2013 साली महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. याच उन्हाने रंगाचं सांडपाणी साफ करता येईल का? माझा मिनी प्रोजेक्ट या प्रश्नावर आहे.

त्यासाठी लागतो टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या रंगात असते ती पांढरी पावडर. तिच्यावर अतिनील प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो. मागे रिकामी जागा उरते, तिला ‘होल’ म्हणतात. होल पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतो आणि हे रॅडिकल रंगाच्या रेणूचे तुकडे पाडतात.

गोची अशी, की बहुतेक इलेक्ट्रॉन लगेच परत जागेवर येऊन बसतात. एसटीतून चहाला उतरलेला माणूस चहा न पिताच सीटवर यावा, तसं! मग प्रकाशाची ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते. सोलर पॅनलमध्ये इलेक्ट्रॉन वायरने बाहेर काढतात. पावडरच्या कणाला वायर कुठून लावणार?

1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडला वायरने प्लॅटिनम जोडून प्रकाशात पाण्याचं विघटन दाखवलं. पुढे संशोधकांनी प्लॅटिनम, चांदी, सोनं असे धातू थेट पावडरच्या कणांवरच बसवले. धातूचा ठिपका म्हणजे स्टँडवरची चहाची टपरी. इलेक्ट्रॉन तिथे थांबतो, पाण्यातला ऑक्सिजन त्याला घेऊन जातो, आणि इकडे होलला कामाला वेळ मिळतो.

गंमत म्हणजे हे ठिपके प्रकाशच बसवतो. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात पावडर टाकून यूव्ही दिवा लावला, की सुटलेले इलेक्ट्रॉन चांदी कणांवर जमवतात आणि पांढरी पावडर करडी होते.

मला वाटलं, जास्त चांदी म्हणजे जास्त काम. भरपूर घातली, आणि मिथिलिन ब्लूचा रंग साध्या पावडरपेक्षाही हळू उतरला! दोन दिवस मूड ऑफ. मग सरांनी समजावलं: टपऱ्या फार झाल्या की कणावर सावली पडते, शिवाय टपरीवरच इलेक्ट्रॉन आणि होल भेटतात. साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी धातू पुरतो. कमी केल्यावर रंग खरंच लवकर उतरला.

तरी एक अडचण उरतेच. या पावडरला साधारण 388 नॅनोमीटरपेक्षा लहान तरंगलांबीचा प्रकाश लागतो. उन्हात तो जेमतेम पाच टक्के. सोन्याचे सूक्ष्म कण हिरवा प्रकाशही पकडतात, पण सोनं पडलं महाग!

सरांचा शेवटचा प्रश्न होता, “गावाला चांदी परवडेल का?” उत्तर अजून नाही. उत्प्रेरक संपत नाही, पण पाण्याबरोबर वाहून गेला तर पुन्हा आणावा लागणारच. म्हणून आता काचेवर थर बसवून बघणार आहे. मे महिन्यात साक्रीला, आमच्याच गच्चीवर. ऊन तर फुकट आहे!