यंत्रमानव पोरांचा, तालीम गावाची

पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात २००८ साली एक वेगळीच दहीहंडी झाली. थर माणसांचे नव्हते. आशियातल्या अनेक देशांच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेले यंत्रमानव मटक्यातलं लोणी काढत होते. ‘रोबोकॉन’ स्पर्धेचा त्या वर्षीचा खेळच ‘गोविंदा’ होता. पुढे २०२४ मध्ये व्हिएतनामने याच स्पर्धेत भाताची लावणी, कापणी आणि साठवण हा विषय दिला. तेव्हा हे शहरी पोरांचं खूळ म्हणून सोडून देता येणार नाही.

२०१४ ची स्पर्धा पुन्हा पुण्यात झाली. ती जिंकली व्हिएतनामच्या डाँग नाय प्रांतातल्या लाक हाँग विद्यापीठानं. राजधानीतलं हे विद्यापीठ नव्हे. तरीही २०१७ व २०१८ सालीही तेच पहिले आले. एकदा जिंकणं नशिबानं होईल, पण पुन्हापुन्हा जिंकायला घडी बसवावी लागते.

आपल्याकडच्या कुस्तीच्या तालमीचंच पाहा. एक मल्ल गेला म्हणून तालीम बंद पडत नाही. वस्ताद असतो, जुना पैलवान नव्याला डाव शिकवतो. विद्यार्थ्यांच्या संघाचंही तसंच आहे. दरवर्षी वरची पोरं पास होऊन जातात. जाण्याआधी त्यांनी धाकट्यांना हाताशी घेतलं, काय मोडलं आणि का मोडलं हे वहीत लिहून ठेवलं, तर पुढच्यांना पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट सरावाची. सामना अवघ्या काही मिनिटांचा. आदल्या रात्रीपर्यंत स्क्रू आवळत बसणाऱ्यांपेक्षा साधं यंत्र लवकर पुरं करून रोज चालवणारे पुढे जातात. तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. जोडकाम, वायरिंग, प्रोग्रॅम आणि यंत्र चालवणं सगळं एकाच हुशार पोरावर असेल, तर तो आजारी पडला की संघ बसला.

२०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी निवडक शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं. सरकारी शाळांत पाच वर्षांत अशा पन्नास हजार लॅब काढण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. लहान गावाची शाळा म्हणून मागं राहायचं कारण नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले, हे आपल्याच जिल्ह्यात घडलं.

पण नुसत्या सामानानं संघ होत नाही. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं एवढं करावं: लॅबला आठवड्याचे ठरलेले तास द्यावेत, सेल-वायरीसारख्या खर्चाची तरतूद ठेवावी, गावातल्या वेल्डरला आणि मोटार भरणाऱ्या मिस्त्रीला महिन्यातून एकदा शाळेत बोलवावं, आणि मुलींनाही पक्कड-पाना हातात द्यावा. सामान मोडेल म्हणून कपाटाला कुलूप लावलं तर ते तिथंच गंजेल. पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: त्या खोलीची किल्ली कुणाकडं आहे, आणि शेवटची कधी फिरली?