लिलोची अर्धी हाक

२००० सालच्या दिवाळीत मी पुण्याहून गावी, नांदूरघाटला, संगणक नेला. मॉनिटर मांडीवर आणि डबा गोणपाटात गुंडाळून एसटीच्या सीटखाली. सीपीयूला आम्ही डबाच म्हणायचो. घरी पोचून बटण दाबले तर पडदा काळा आणि आतून लांबलचक शिट्या. शिट्या म्हणजे बहुतेक वेळा रॅम. पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवरून धाकटीचे खोडरबर फिरवले आणि पुन्हा दाबून बसवली. शिट्या थांबल्या. पडद्यावर 'एल' उमटला, मग 'आय', आणि पुढे काहीच नाही.

ही दोन अक्षरे बघून ज्यांच्या पोटात कधीकाळी गोळा आला असेल, त्यांना पुढचे सांगायची गरज नाही. इतरांसाठी सांगतो. तेव्हा लायनक्स जागे करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे नाव लिलो. तो वर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिला. सुरू होताना तो स्वतःचे नाव एकेक अक्षराने छापतो आणि दर अक्षरामागे एक टप्पा पार झालेला असतो. काहीच उमटले नाही, तर लिलो डिस्कवरून उचललाच गेलेला नाही. नुसता एल आणि पुढे आकड्यांची रांग आली, तर पहिला भाग चालला पण दुसरा वाचता आला नाही. एल-आयवर थांबला, तर दुसरा भाग हाती लागला पण चालवता आला नाही. चारही अक्षरे आली की लिलोचे सगळे भाग नीट चढले.

चार अक्षरांत इतका नेमका जबाब देणारे यंत्र मी त्याआधी पाहिले नव्हते. आमची पाण्याची मोटरसुद्धा बिघडली की नुसती घुमायची.

एल-आयचे नेहमीचे कारण म्हणजे डिस्कच्या मोजणीवरून झालेले भांडण. लिलोला फाइलींची नावे कळत नाहीत. डिस्कवर माल कुठे ठेवलाय ते ठिकाण तो आकड्यांत लिहून ठेवतो. मदरबोर्डवरच्या बायोसने डिस्क वेगळ्या पद्धतीने मोजायला घेतली की लिलो भलत्याच जागी जाऊन उभा राहतो. बायोस उघडून पाहिले तर घड्याळात जुनीच कुठली तरी तारीख होती. म्हणजे मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल मेला होता. वीज तुटली की बायोस सगळ्या नोंदी विसरायचा आणि डिस्कची मोजणी मूळ पद्धतीवर जायची. पुण्यात डबा कायम प्लगला असल्यामुळे हे कधी कळलेच नव्हते. नवा सेल दुसऱ्या दिवशी केजच्या घड्याळवाल्याकडे मिळाला.

ही विद्या आमच्यापर्यंत आली ती बरीचशी मासिकांच्या सीडीतून. व्हीएसएनएलचे इंटरनेट ऑगस्ट १९९५ मध्ये आले ते मोठ्या शहरांत, आणि फोनवरून अख्खे लायनक्स उतरवून घेणे म्हणजे रात्रीच्या रात्री जाळणे. मार्च १९९६ मध्ये 'पीसी क्वेस्ट' मासिकाने अंकासोबत स्लॅकवेअर लायनक्सची सीडी वाटली. त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. जन्म बर्लिनचा, इंजिनिअरिंग बेळगावचे, पुढचे काम बंगळूरला. २०१३ मध्ये ते गेले. नंतर दरवर्षी येणाऱ्या त्या सीडीची आम्ही दिवाळी अंकासारखी वाट पाहायचो, आणि एक सीडी दहा-पंधरा हातांतून फिरून ओरखड्यांनी पांढरी पडायची. पुण्यातल्या लायनक्स वापरणाऱ्यांच्या गटात, 'प्लग'मध्ये, कुणी ना कुणी तुमचा बिघाड आधी भोगलेला असायचा. मात्र तिथे 'चालत नाही' म्हटले की कुणी मान वर करत नसे. पडद्यावर शब्दशः काय आले ते कागदावर उतरवून आणायचे, हा तिथला रिवाज.

मोडेमचा प्रकार वेगळाच. स्वस्त 'विनमोडेम'मध्ये सिग्नल सोडवणारी चिप काढून टाकलेली असे. ते काम प्रोसेसरच्या गळ्यात, आणि ते करणारा प्रोग्राम फक्त विंडोजसाठी. लायनक्सला ते कार्ड म्हणजे जवळपास रिकामी पाटी. बाहेर ठेवायचा, लाल दिव्यांचा, सीरियल पोर्टचा मोडेम घ्या, हा सल्ला महाग होता पण खरा होता. चित्राच्या पडद्याचेही तसेच. पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या 'एक्स' या प्रोग्रामच्या फाइलीत मॉनिटरची आडवी वारंवारता हाताने लिहावी लागे, आणि चुकीच्या आकड्याने मॉनिटर बिघडू शकतो, अशी धमकीवजा सूचना सोबत असे. मी मॉनिटर उलटा करून मागचे लेबल बॅटरीच्या उजेडात वाचले आहे.

पण नांदूरघाटात लायनक्सचा खरा वैरी वीज होती. न सांगता जायची, न सांगता यायची. तेव्हाची एक्स्ट-टू ही फाइल-पद्धत असा धक्का बसला की पुढच्या वेळी सगळी डिस्क कानाकोपऱ्यापासून तपासायची. जेवढी डिस्क मोठी तेवढा वेळ जास्त, आणि तपासणी अर्ध्यावर आली की दिवे पुन्हा गेलेले. कधी ती स्वतःहून हात टेकायची आणि रूटचा पासवर्ड मागायची. मालक सापडला नाही अशा तुकड्यांना नुसते नंबर देऊन ती 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरात टाकायची. जत्रेत हरवलेल्या पोरांना चौकीत बसवतात तसे.

यावरचा इलाज वाण्याच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आधी कीर्द लिहायची, मग खतावणी. स्टीफन ट्वीडी यांच्या एक्स्ट-थ्रीने हेच केले. बदल आधी कीर्दीत टिपायचा, मग जागेवर न्यायचा. वीज गेली तरी उठल्यावर फक्त कीर्द चाळायची. ऑक्टोबर २००१ च्या रेड हॅट ७.२ मध्ये ती आली, आणि अर्ध्या तासाचे काम काही सेकंदांवर आले. पुण्याच्या मित्रांना यात विशेष काय ते कळेना. त्यांचे दिवे जात नव्हते.

लिपीचे दुखणे मात्र त्यानंतरही राहिले. २००२ च्या ग्नोम २ या डेस्कटॉपपासून, अक्षरे जुळवणाऱ्या पँगोच्या जोरावर देवनागरी जुळून दिसायला लागली, तरी मराठीचा अर्धा र अडायचा. बालाघाटाच्या 'दऱ्या' लिहायला जावे तर पडद्यावर 'दर्या', म्हणजे समुद्र. 'आचाऱ्याला' बोलवावे तर 'आचार्याला' निमंत्रण. युनिकोडमध्ये ऱ च्या पुढे हलन्त द्यायचा, ही वाट होती, पण फॉन्ट आणि जुळवणी करणारा प्रोग्राम दोघांनाही ती माहीत असावी लागे. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट खुले केले. 'अॅ'चे स्वतंत्र अक्षर तर युनिकोडला २००८ मध्ये मिळाले. तोवर अ वर चंद्र दिला की मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उगवायचे.

त्या २००० च्या दिवाळीत यातले काहीच नव्हते. पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्या आळीची डीपी जळाली. सकाळी दादांनी मला बसवले आणि म्हणाले, एवढे मशीन आणलेस, तर बदलून मिळण्याचा अर्ज त्याच्यावर काढ. मराठी उमटत नाही असे सांगायला तोंड उघडले, पण त्याआधी सांगण्यासारखी दुसरीच गोष्ट होती. वीज नव्हती. अर्ज मी फुलस्केपवर निळ्या शाईने लिहिला.