डबल ट्रॉलीसाठी ट्रॅक्टर निवडताना

गेल्या दसऱ्याच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात दोन ट्रॅक्टरांची रंगीत माहितीपत्रके होती. घरची शेती बेताची. म्हणून येत्या गळीत हंगामात कारखान्याची ऊसवाहतूक करायची, असे त्याच्या मनाने घेतले होते. दोन ट्रॉल्या ठरल्या होत्या, बँकेचे कर्ज मंजूर होत आले होते. प्रश्न एवढाच उरला होता: "सर, पन्नास हॉर्सपॉवरचा घेऊ की साठचा?"

मी विचारले, "ट्रॅक्टरचं वजन किती?"

तो पत्रक चाळू लागला. मग हसून म्हणाला, "सर, मला तो काट्यावर घालायचा नाही, ओढायला लावायचाय."

त्याचे हसणे मला खटकले नाही, कारण हा प्रश्न विचारणारे सगळेच हॉर्सपॉवरपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. विकणाराही तोच आकडा मोठ्या अक्षरात छापतो. म्हणून आज त्याच्याशी झालेला हिशोब तुमच्यापुढे मांडतो. गणित सातवीच्या मुलाला जमेल इतपतच आहे. शिक्षक मंडळींनी तो फळ्यावर करून दाखवला तर मुले खूश होतील. कारण निम्म्या मुलांच्या घरी ट्रॅक्टर नाही तर ट्रॉली असतेच.

आधी हॉर्सपॉवर म्हणजे काय ते पाहू. ७५ किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जी ताकद लागते ती एक हॉर्सपॉवर. यातला 'एका सेकंदात' हा शब्द महत्त्वाचा. तेच ओझे दोन सेकंदांत उचला, निम्म्या ताकदीत काम होते. म्हणजे हॉर्सपॉवर तुम्हाला सांगते, काम किती लवकर होईल. काम होईल की नाही, हे ती सांगत नाही.

आता आपली गाडी जोडू. ट्रॅक्टर अडीच टनांचा धरा. दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून चार टन, आणि त्यांत साडेतेरा टन ऊस. एकूण झाले २० टन. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर हे २० टन नुसते चालत ठेवायला वजनाच्या शेकडा दोन एवढा, म्हणजे ४०० किलोचा ओढ लागतो. ताशी २० किलोमीटर वेगाला त्याचे होतात ३० हॉर्सपॉवर. पन्नासचा ट्रॅक्टर हे हसतखेळत करील.

मग चढ येतो. वीसास एक, म्हणजे २० मीटर चालल्यावर एक मीटर वर चढणारा रस्ता घ्या. हा काही घाट नव्हे. ओढ्याच्या पुलावरून गावाकडे वर येणारे कितीतरी रस्ते असे असतात. तिथे २० टनांचा विसावा भाग, म्हणजे १,००० किलो, गाडीला मागे खेचत असतो. आधीचे ४०० मिळवा. १,४०० किलोचा ओढ हवा. इंजिनाच्या ताकदीतला काही भाग गिअरच्या दात्यांत आणि टायरांत खर्ची पडतो. पन्नासांपैकी चाळीस चाकापर्यंत पोहोचले असे धरले, तर हा चढ ताशी पावणेआठ किलोमीटरने चढता येतो. साठचा घेतला तर ताशी सव्वानऊने. वरच्या दहा हॉर्सपॉवरने काय दिले? ताशी दीड किलोमीटर.

इथपर्यंत आल्यावर विद्यार्थी जरा गप्प झाला. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

इंजिनाने कितीही जोर केला तरी तो जमिनीला देतो कोण? मागची दोन चाके. आणि चाक जमिनीला धरते ते आपल्यावरच्या वजनाच्या हिशोबाने. कोरड्या डांबरावर टायर आपल्यावरच्या भाराच्या साधारण सात-दशांश एवढा जोर देऊ शकते, त्यापुढे ते जागीच फिरते. अडीच टनांच्या ट्रॅक्टरात मागच्या चाकांवर सुमारे १,६०० किलो असतात आणि पुढच्यांवर ९००. ओढताना पुढचा थोडा भार मागे सरकतो. हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर असेल तर या चढावर साडेतीनशे किलो सरकतील. मागे झाले १,९५०. त्याचे सात-दशांश १,३६५. हवे होते १,४००!

म्हणजे पन्नास काय नि साठ काय, चाक फिरण्याच्या बेतात आहे. साठचा ट्रॅक्टर वजनाने तेवढाच असला तर तो फक्त अधिक जोरात टायर घासील. मी वजन विचारले ते यासाठी.

फडात तर याहून बिकट. ओल्या मऊ रानात चाक रुतते, आणि वजनाचा दहावा भाग नुसत्या चालण्यात जातो. धर मात्र सात-दशांशावरून चार-दशांशावर येते. भरलेली एकच ट्रॉली बाहेर काढायलाही मग दुसरे हेड पुढे जोडावे लागते. हे दृश्य तुम्ही दर हंगामात पाहता. 'इंजिन कमी पडलं' असे म्हणता. इंजिन कमी पडलेले नसते. चाकावर भार कमी पडलेला असतो.

यावर जुना आणि स्वस्त उपाय आहे. मागच्या टायरांत पाऊण भाग पाणी भरणे. पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपासच्या ट्रॅक्टरला एका टायरात साधारण दोनशे किलो पाणी मावते. दोन्ही मिळून चारशे किलोंचा भार फुकटात. शिवाय चाकाला बिडाची वजने बसवता येतात. मात्र टायर सोसेल तेवढेच, आणि पुढेही थोडे वजन लावून. ते का, ते आता सांगतो.

ट्रॉली पुढे हलत नाही असे दिसले की काही ड्रायव्हर साखळी खालच्या हुकाऐवजी वर, हायड्रॉलिकच्या वरच्या कानात अडकवतात. समजूत अशी की वरून ओढले की मागची चाके दाबली जातात. समजूत खरी आहे, म्हणूनच घातक आहे. अर्ध्या मीटरऐवजी एक मीटर उंचीवरून ओढले तर पुढच्या चाकांवरचे साडेसहाशे किलो मागे सरकतात. ९०० पैकी राहिले अडीचशे. एखादा दगड, एक खड्डा, क्लच झटक्याने सोडणे, आणि पुढची चाके हवेत. ट्रॅक्टर मागच्या आसावर उभा राहून पालथा पडायला एक-दोन सेकंद पुरतात. तेवढ्यात क्लच दाबायचे भानही राहत नाही. हूक खालीच हवा.

आता तुम्हाला बैलगाडीकडे नेतो. गाडी भरताना तुमचे आजोबा काय पाहत? माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलते, बैलांना ओढता येत नाही. पुढे जास्त झाला तर मानेवर दाब येतो. थोडासा दाब ठेवून भरलेली गाडी चांगली. दोनचाकी ट्रॉलीचा नियम हाच आहे: ती आपला थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर टाकते, मागची चाके दाबली जातात.

मोठे मालट्रक आणि त्यांच्या मागे जोडलेले लांब ट्रेलर महामार्गावर तुम्ही पाहता. त्यांच्यात ही युक्ती पुरती वापरली आहे. ट्रेलरचे पुढचे टोक ट्रकच्या मागच्या आसावर एका गोल लोखंडी तबकडीवर टेकते. या तबकडीला इंग्रजीत 'पाचवे चाक' म्हणतात. नाव घोडागाड्यांच्या काळचे आहे. चारचाकी बग्गीचा पुढचा आस ज्या आडव्या लोखंडी चाकावर वळे, ते पाचवे. अमेरिकेत लोक राहण्याची खोली असलेले मोठे ट्रेलर अशाच तबकडीवर ठेवून आपल्या पिकअप ट्रकने ओढतात. तिथेही ट्रक घेणारा माझ्या विद्यार्थ्यासारखाच चुकतो. कंपनी 'इतके टन ओढतो' हे ठळक छापते. ट्रकच्या स्वतःच्या पाठीवर किती मावते, ते दाराजवळच्या छोट्या चिठ्ठीवर असते. अशा ट्रेलरचा साधारण पाचवा भाग ट्रकच्या पाठीवर येतो. सात टनांच्या ट्रेलरचे झाले १,४०० किलो, वर बायकामुले आणि सामान. ओढायला इंजिन पुरते, पण मागचे टायर आणि आस आधीच भरून गेलेले असतात. म्हणून जाणते लोक मागे जोडचाके असलेला भारी ट्रक घेतात.

आपल्या उसाच्या चारचाकी ट्रॉलीतही पाचवे चाक आहे बरे का! पुढच्या आसावरची वळणारी गोल कडी पाहा, बग्गीची तीच. पण फरक असा की ही ट्रॉली आपल्या चार चाकांवर स्वतंत्र उभी राहते. ट्रॅक्टरवर ती काहीच भार टाकत नाही. साडेसतरा टन मागे, आणि त्यांतला एक किलोही ट्रॅक्टरच्या चाकाला धर द्यायला येत नाही. चढताना आपण पाहिले याचा परिणाम. उतरताना तो जिवावर येतो.

तोच वीसास एकचा रस्ता, आता उताराने. ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत, बहुतेकांना नसतातच. थांबवणार ट्रॅक्टरची मागची दोन चाके, आणि ती फार तर १,००० किलोचा रोध देतील. रस्त्याच्या घर्षणाचे ४०० मिळवले की १,४००. उलट उतार १,००० किलोने पुढे ढकलतो आहे. हाती उरले ४००, आणि त्यांनी २० टन थांबवायचे. ताशी २० किलोमीटर वेग असेल तर ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत ८० मीटर जातात. शाळेच्या मैदानावर ८० मीटर मोजून मुलांना उभे करा, म्हणजे आकडा डोळ्यांना दिसेल. आणि उतार चौदास एक झाला, की ढकलणारा जोर रोखणाऱ्या जोरापेक्षा मोठा होतो. मग ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबतच नाही. मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला रेटत आडवा करतात. ड्रायव्हर उडी मारतो, किंवा मारू शकत नाही.

हा उतार मोजायला यंत्र नको. पाच फुटांची सरळ फळी रस्त्यावर ठेवा, वर पाण्याची जवळजवळ पूर्ण भरलेली बाटली आडवी. फळीचे खालचे टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला. जमिनीपासून तीन इंच उचलावे लागले तर वीसास एक. सव्वाचार इंच, तर चौदास एक. फडापासून गव्हाणीपर्यंतच्या वाटेवरचे सगळे उतार एका दुपारी मोजून होतात. शिक्षकांनी मुलांना घेऊन हे एकदा करावेच.

आता मागच्या ट्रॉलीच्या फक्त एका आसाला ब्रेक बसवले असे धरा. त्या आसावर चार टनांहून जास्त भार आहे. एरवी वाया जाणारा तो भार आता धर देतो: बेताने धरले तरी २,२०० किलो. त्याच उतारावर, त्याच वेगाला गाडी १२ मीटरांत थांबते. शिवाय ओढ मागून असल्याने सगळी माळ सरळ राहते. अमेरिकेतल्या त्या ट्रेलरांना चाकांना स्वतःचे विजेचे ब्रेक असतात, आणि ट्रेलर सुटला तर ते आपोआप लागतात. आपल्याकडे हवेचे किंवा तेलाचे ब्रेक ट्रॉलीला बसवता येतात. खर्च येतो, आणि वाहतुकीचे पैसे टनावर मिळत असल्याने तो खर्च डोळ्यांत खुपतो. उलट आणखी दोन टन भरले की खेप भारी होते. हे मला कळते. मीही शेतकऱ्याच्या घरातला आहे. पण वरच्या हिशोबात ते दोन टन घालून पाहा.

विद्यार्थ्याला मी सांगितले ते असे. हॉर्सपॉवर पन्नास पुरे. दोन्ही पत्रकांत वजन कोणाचे जास्त, दोन आसांमधले अंतर कोणाचे जास्त, मागचे टायर कोणाचे रुंद, ते पाहा. टायरावर १६.९-२८ असे आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा, दोन्ही इंचांत. ब्रेक तेलातले आहेत का, आणि ट्रॉलीच्या ब्रेकसाठी जोडणी मिळते का, हे विक्रेत्याकडून लिहून घे. चारही चाके ओढणारा परवडला तर रानात सोन्यासारखा. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पायटे खिटीने एकत्र जोडूनच चालवायचे. एकच दाबला गेला तर गाडी फिरते. उताराला लागण्याआधी खालचा गिअर टाकायचा आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल कधी करायचे नाही. पासिंगच्या कागदावरच्या वजनाच्या वर भरायचे नाही. मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा; ऊस बाहेर लोंबत असेल तर त्याच्याआड दिवा जात नाही ना, हे मागे उभे राहून पाहायचे.

त्याने सगळे वहीत उतरून घेतले. महिनाभराने फोन आला. ट्रॅक्टर पन्नासचाच घेतला होता, पण दुसऱ्या पत्रकातला, जास्त वजनाचा. टायरांत पाणी भरले होते. मागच्या ट्रॉलीचे ब्रेक बसवायला तालुक्याच्या गॅरेजात टाकले होते आणि मिस्त्री म्हणत होता, "दोन खेपांचे पैसे घालवताय कशाला?"

"मग तू काय म्हणालास?" मी विचारले.

"म्हटलं, फळी आणि बाटली घेऊन चला माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत."