दोस्त पाठीत सुरा का खुपसतो? स्पेस गेममधली युती, खर्ड्याची लढाई आणि माझे वाया गेलेले सहा महिने



पेटची तयारी करणारी बरीच मुलं मला विचारतात, "दादा, गेमिंगवर पीएच.डी. करता येते का?" येते. पण "मला गेम आवडतात" हा संशोधनाचा विषय होत नाही, आणि "गेममधली डिप्लोमसी सुधारायची आहे" हाही होत नाही. मी हाच विषय घेऊन बसलो होतो, म्हणून खात्रीने सांगतो. आज तो विषय समजावून सांगतो, आणि त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा निघाला तेही.

आधी गेम समजून घेऊ

स्पेस स्ट्रॅटेजी गेम म्हणजे काय, तर तुमच्याकडे एक ग्रह असतो. तिथून सुरुवात करून आजूबाजूचे तारे शोधायचे, वसाहती करायच्या, खनिज काढायचं, जहाजं बांधायची आणि शेजाऱ्यांशी एकतर जुळवून घ्यायचं किंवा लढायचं. १९९३ चा 'मास्टर ऑफ ओरायन' हा या प्रकारातला गाजलेला जुना गेम. आजच्या मुलांना २०१६ मध्ये आलेला 'स्टेलारिस' जास्त माहीत असतो.

यातले बाकीचे शेजारी कॉम्प्युटर चालवतो. त्याला आपण एआय म्हणू. स्टेलारिसमध्ये प्रत्येक शेजाऱ्याचं तुमच्याबद्दल एक मत असतं, आणि ते चक्क आकड्यात दिसतं. करार केला की आकडा वाढतो, सीमा भिडली की कमी होतो, दोघांना एकाच तिसऱ्याची धास्ती असेल तर पुन्हा वाढतो. २०२० मध्ये त्यात 'फेडरेशन्स' हा जोडभाग आला आणि संघराज्य, मतदान, उपकाराची परतफेड अशा गोष्टी वाढल्या. म्हणजे कंपन्यांनी काहीच केलं नाही असं नाही.

तरीही खेळणाऱ्यांची एक तक्रार कायम असते. शंभर वर्षांचा दोस्त कारण नसताना युती मोडतो. किंवा उलट, तुम्ही संकटात असताना दोस्त नुसता नावाला युद्धात उतरतो आणि त्याची जहाजं घरीच उभी राहतात. "एआय मूर्ख आहे" असं म्हणून आपण गेम बंद करतो. पण तो मूर्ख आहे म्हणजे नेमकं काय चुकतंय? खरा प्रश्न इथून सुरू होतो.

माझी चूक

पहिल्या वर्षी मी पायथॉनमध्ये एक छोटा गेम लिहिला. पाच साम्राज्यं, ठरावीक फेऱ्या, शेवटी ज्याच्याकडे जास्त ग्रह तो विजेता. मग एआयला शिकवलं की युती कधी करायची आणि कधी मोडायची. यश मोजायला मी एकच माप धरलं: किती वेळा जिंकला.

एआय जिंकायला लागला. मी खूश. सहा महिन्यांचं काम घेऊन सल्लागार समितीपुढे उभा राहिलो, आलेख दाखवले. एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "हा जिंकतो कसा?" मी नोंदी उघडल्या. जवळजवळ प्रत्येक विजयात तो शेवटच्या काही फेऱ्यांत आपल्याच दोस्तावर तुटून पडत होता. मॅडम म्हणाल्या, "मग तुम्ही डिप्लोमसी सुधारली की दगाबाजी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी फोन करून काय सांगावं तेही कळेना, कारण फेलोशिप अजून लागलेली नव्हती आणि घरून पैसे येत होते. त्या आठवड्यात नांदेडहून एसटीने निघालो आणि उदगीरला मामांकडे गेलो.

उदगीरचा किल्ला आणि एक साधी गोष्ट

मामा इतिहासाचे शिक्षक. किल्ल्यावर फिरताना त्यांना माझं रडगाणं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, तू ज्याला बिघाड म्हणतोस ते आपल्याकडं अठराव्या शतकात रोज चालायचं. फक्त त्याला कारणं होती. तुझ्या गेममध्ये कारणं आहेत का?"

१७६० च्या फेब्रुवारीत उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं. त्यात मराठ्यांच्या तोफा सांभाळणारा इब्राहिमखान गारदी हा काही काळापूर्वी निजामाच्याच चाकरीत होता. पुढं पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला आणि निजामाने पुन्हा उचल खाल्ली. १७६३ मध्ये नागपूरचे जानोजी भोसले आधी निजामाच्या बाजूला होते. बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला गोदावरीकाठी लढाई झाली, तोवर ते पेशव्यांकडे परत आले होते. गेममध्ये एक साम्राज्य म्हणजे एक मन असतं. इथे तसं नव्हतं.

पण माझ्या कामाचं उदाहरण त्यानंतरचं आहे. तारखा नीट बघा.

१७९०: पेशवे, निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांची टिपू सुलतानाविरुद्ध युती.

१७९२: टिपूचा पराभव. श्रीरंगपट्टणच्या तहात त्याचा जवळपास अर्धा मुलूख गेला आणि तिघांनी वाटून घेतला.

मार्च १७९५: खर्ड्याला (आजचा जामखेड तालुका) पेशवे आणि निजाम समोरासमोर. निजामाला कंपनीच्या मदतीची आशा होती. गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला. निजाम हरला.

१७९८: निजामाने कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला.

पाच वर्षांत दोन दोस्त एकमेकांवर चालून गेले आणि तिसरा हात बांधून बसला. माझ्या गेममध्ये असं झालं असतं तर मी म्हटलं असतं, एआय बिघडला. इथे कोणी मूर्ख नव्हतं.

वहीवर मांडून बघू

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीचं आहे.

युती टिकवली तर दर फेरीला मिळतात ३ गुण. याला 'साथ' म्हणू. अचानक दगा दिला तर त्या फेरीपुरते ५ गुण, हा 'मोह'. त्यानंतर समोरचा कायमचा शत्रू होतो आणि दर फेरीला फक्त १ गुण मिळतो, हे 'वैर'. चौथी गोष्ट म्हणजे 'भरवसा': या दोघांचा व्यवहार पुढच्या फेरीतही चालू राहण्याची शक्यता, ० ते १ मध्ये.

भरवसा ०.९ असेल तर साथ देऊन एकूण ३० गुण होतात आणि दगा देऊन १४. साथ फायद्याची. भरवसा ०.३ असेल तर साथीचे साधारण ४.३ आणि दग्याचे ५.४. दगा फायद्याचा. नेमकी सीमा काढायची तर मोहातून साथ वजा करा आणि मोहातून वैर वजा करून आलेल्या आकड्याने भागा. २ भागिले ४, म्हणजे ०.५. भरवसा निदान इतका असेल तर युती टिकते. याला पुनरावृत्त खेळाचं गणित म्हणतात. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी घेतलेल्या कॉम्प्युटर स्पर्धांमुळे ते सगळीकडे पोचलं.

आता या आकड्यांत १७९२ नंतरची परिस्थिती घाला. टिपूची धास्ती कमी झाली, म्हणजे साथीचा फायदा घटला. ३ चा २ करू. निजामाकडे चौथाईची मोठी थकबाकी असल्याचा मराठ्यांचा दावा होता आणि सगळे मराठा सरदार नाना फडणवीसांच्या आखणीत एकत्र आले होते. म्हणजे मोह वाढला. ५ चा ९ करू. सीमा झाली ७ भागिले ८, म्हणजे जवळपास ०.८८. आधी अर्धा भरवसा पुरत होता, आता जवळजवळ पूर्ण लागतो. स्वभाव कोणाचाच बदलला नाही, आकडे बदलले.

एक सावधगिरी: हे आकडे मी मांडलेले आहेत, इतिहासाने दिलेले नाहीत. या गणिताने खर्ड्याची लढाई 'सिद्ध' होत नाही. कुठली कारणं कोणत्या दिशेने ढकलतात एवढंच दिसतं. प्रबंधात हा फरक नीट लिहा, नाहीतर तोंडी परीक्षेत अडकाल.

माझी चूकही आता दिसते. माझ्या गेमला ठरावीक शेवट होता. शेवटच्या फेरीनंतर उद्या नाही, म्हणजे भरवसा शून्य. त्यामुळे शेवटच्या फेरीत दगा. तिथे दगा पक्का आहे हे कळलं की त्याच्या आधीच्या फेरीत साथ कशाला द्यायची? असं मागे मागे येतं. त्यात विजेता एकच, म्हणजे दोस्त हा शेवटी प्रतिस्पर्धीच. मी एआयला दगाबाजी शिकवली नव्हती, गेमच्या नियमांनी शिकवली होती.

मग सुधारायचं काय?

पहिलं, युतीला कलमं हवीत. बऱ्याच गेममध्ये युती म्हणजे 'आहे' किंवा 'नाही'. पण १७९० ची युती टिपूविरुद्ध होती. एक दोस्त दुसऱ्या दोस्तावर चालून आला तर कंपनीने निजामासाठी लढावं असं बंधन तिच्यात नव्हतं. शोअरला त्याच फटीतून बाहेर राहता आलं. कोणाविरुद्ध, कधीपर्यंत, किती जहाजं, हे करारात लिहिता आलं तर 'दोस्ताने मदत का केली नाही' याचं उत्तर खेळणाऱ्याला करारातच सापडेल.

दुसरं, दोन भीती एकाच वेळी मोजायला हव्यात. ग्लेन स्नायडर या अभ्यासकाने १९८४ मध्ये हे छान मांडलं. युतीतल्या प्रत्येकाला एक भीती असते की ऐनवेळी साथ सुटेल, आणि दुसरी की दोस्ताच्या भांडणात आपण फरफटत जाऊ. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. १७९५ मध्ये निजामाची साथ सुटली. ती भीती घालवायला त्याने १७९८ मध्ये कंपनीची फौजच घरात आणून ठेवली. साथ पक्की झाली, पण फौजेच्या खर्चापोटी १८०० मध्ये मुलूख द्यावा लागला आणि परराष्ट्र धोरण हातातून गेलं. गेममध्येही पक्क्या हमीला किंमत असावी. फुकटची पक्की युती खोटी वाटते.

तिसरं, बघणाऱ्यांची आठवण. दगा दिला की फक्त ज्याला दिला त्याचं मत बिघडून भागत नाही. बाकीचेही बघत असतात. पण सरसकट शिक्षा नको. नोटीस देऊन करार संपवणारा आणि रात्रीत हल्ला करणारा यांत फरक हवा.

चौथं, शेवट. फेडरेशनला एकत्र जिंकता येणं, किंवा गेम कधी संपेल हे आधी माहीत नसणं. एवढ्याने भरवसा शून्यावर येत नाही.

'चांगलं झालं' हे मोजायचं कसं?

संशोधन इथे ठरतं. माझं नवं माप असं आहे: खेळणाऱ्याला मध्येच थांबवून विचारायचं, "हा दोस्त पुढच्या दहा फेऱ्यांत युती टिकवेल का, आणि का?" मग प्रत्यक्ष काय झालं ते बघायचं. चांगल्या डिप्लोमसीत दगा असू शकतो. पण दगा झाल्यावर खेळणाऱ्याने "अरे, हे दिसायला हवं होतं" म्हणावं, "हे काय भलतंच" नाही.

तुलनेसाठी जुना एआय तसाच ठेवायचा. चारही सुधारणा एकदम घालायच्या नाहीत. एकेक काढून बघायचं, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. आणि जिंकण्याचं प्रमाणही नोंदवायचं, फक्त त्यालाच देव मानायचं नाही.

कोणी म्हणेल, आता एवढे मोठे भाषा-मॉडेल आलेत, त्यांनाच बोलायला लावू. प्रयोग झालाय. 'डिप्लोमसी' नावाचा सात जणांचा जुना बोर्ड गेम आहे. २०२२ मध्ये मेटा कंपनीच्या 'सिसेरो' या प्रणालीने त्याचे ४० ऑनलाइन डाव माणसांबरोबर खेळले, आणि एकापेक्षा जास्त डाव खेळणाऱ्यांत ती वरच्या दहा टक्क्यांत आली. पण तिच्यातही नुसतं भाषेचं मॉडेल नव्हतं. कोण काय करेल याचा हिशेब करणारा वेगळा भाग होता. गोड बोलता येणं आणि करार समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महागडा लॅपटॉप नाही म्हणून थांबू नका. 'फ्रीओरायन' हा मोफत, मुक्तस्रोत स्पेस गेम आहे आणि त्याचा एआय पायथॉनमध्ये लिहिलेला आहे. त्यात डिप्लोमसी अगदी मोजकी आहे: युद्ध, शांतता, युती. म्हणजे करायला जागा भरपूर. तेही जड वाटलं तर वही आणि वरचं गणित घ्या.

जाता जाता

विषय निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. काय बिघडलंय हे एका वाक्यात सांगता येतं का? ते का बिघडलं याचं कारण आकड्यांत किंवा नियमांत दाखवता येतं का? आणि सुधारलं हे कोणत्या मापाने कळेल? मी तिसरा प्रश्न शेवटी विचारला आणि सहा महिने गेले. तुम्ही तो आधी विचारा.

नव्या आराखड्यावर समितीने काम चालू ठेवायला सांगितलंय. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता प्रश्न आहे." मामांना फोन केला तर ते म्हणाले, "पुढच्या वेळी खर्ड्याला जाऊ."

शंका असतील तर विचारा. पुढच्या लेखात वरचं गणित पायथॉनच्या वीस-पंचवीस ओळींत कसं लिहायचं ते बघू.