धारेवरची गोळी

जपानी तलवारीच्या धारेवर पिस्तुलाची गोळी आदळली तर काय होतं, हे फुजी टीव्हीने ‘तोरिबिया नो इझुमी’ या कार्यक्रमात प्रत्यक्ष करून दाखवलं होतं. २००२ ते २००६ या काळात हा कार्यक्रम जपानमध्ये अफाट लोकप्रिय होता. तलवार पक्की आवळून उभी केली, धार नेमकी नळीकडे, आणि समोरून ०.४५ कॅलिबरच्या कोल्ट पिस्तुलाचा बार काढला. धीम्या गतीच्या चित्रणात दिसतं ते असं: गोळी पात्यावर येते, मधोमध चिरली जाते आणि दोन फाका पात्याच्या दोन अंगांनी पुढे निघून जातात. धार शाबूत. त्याच कार्यक्रमात पुढे ०.५० कॅलिबरच्या ब्राउनिंग मशीनगनपुढेही तलवार उभी केली गेली. पहिल्या काही गोळ्या तिथेही चिरल्या गेल्या, मग पातं तुटलं.

तेव्हापासून जपानी तलवार गोळी अडवते असं जगभर सांगितलं जातं. चित्रण खरं आहे, गोळी खरोखर चिरली जाते. पण त्या फाकांकडे नीट पाहावं. त्या पुढे जातात. ०.४५ची गोळी साधारण १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास. दुभंगताना तिचा वेग फारसा कमी होत नाही आणि दिशा थोडीशीच बदलते. तलवार छातीसमोर धरून उभ्या असलेल्या माणसापर्यंत ते तुकडे पोहोचतात तेव्हा त्यांच्यात काही बोटांचंच अंतर पडलेलं असतं. म्हणजे एका जखमेच्या जागी दोन जखमा होणार. तलवार वाचली म्हणून तिच्यामागचा माणूस वाचला असं होत नाही, आणि तलवार गोळी अडवते का, असं विचारणाऱ्याच्या मनात तर माणूसच असतो.

गोळी चिरते कशामुळे? मुख्य कारण गोळीतच आहे. शिसं इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो. त्यावरचं तांब्याचं कवच अगदी पातळ. असा गोळा कठीण पोलादाच्या पाचरीवर वेगाने आला की फाटणारच. अमेरिकेतले नेमबाज कुऱ्हाडीच्या धारेवर गोळी मारून दोन बाजूंचे दोन फुगे एकाच बारात फोडून दाखवतात, तेही याच जोरावर. शिवाय धारेवर बसलेला आघात पात्याच्या रुंदीतून पाठीकडे जातो. त्या दिशेने पोलादाची खोली सुमारे तीन सेंटिमीटर असते, पातं सर्वांत भक्कम असतं ते तिथेच.

तीच गोळी पात्याच्या सपाट अंगावर बसली तर सगळा हिशेब उलटतो. तिथे जाडी सहा-सात मिलिमीटर, तीही पाठीजवळ. धारेकडे ती निमुळती होत जाते. गोळी सटकून जायला वाट नाही, म्हणून तिचा सगळा जोर पात्याला आडवा सोसावा लागतो. पिस्तुलाची गोळी अशा वेळी कदाचित थोपेलही, पण पातं वाकेल किंवा कडक धारेला तडा जाईल. मशीनगनची तर बातच वेगळी. ०.५०च्या गोळीत पिस्तुलाच्या गोळीच्या तीसपटीहून जास्त ऊर्जा असते. तिच्यापुढे त्या पात्याने एकाहून अधिक घाव सोसले, हेच मला त्या चित्रणातलं खरं आश्चर्य वाटतं.

ते पातं घडतं कसं, ते सांगायलाच हवं. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे ‘तातारा’ नावाची मातीची भट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बंद पडलेलं हे काम १९७७ साली जपानी कलातलवारींचं जतन करणाऱ्या संस्थेने पुन्हा सुरू केलं. दर हिवाळ्यात ती भट्टी पेटते. तीन दिवस आणि तीन रात्री लोहवाळू आणि लाकडी कोळसा आळीपाळीने टाकत राहायचा. एका भट्टीला वाळू सुमारे दहा टन लागते, कोळसा त्याहून जास्त. शेवटी भट्टी फोडून आतला अडीच टनांच्या आसपासचा गोळा बाहेर ओढतात, आणि त्यातलं निवडक पोलाद म्हणजे ‘तामाहागाने’. लोहार ते तापवतो, ठोकून पसरतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो. असं दहा-पंधरा वेळा. त्यातून मळ निघून जातो आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरतो.

खरी परीक्षा पाणी देण्याची. पात्यावर मातीचा लेप चढवतात: धारेवर पातळ, पाठीवर जाड. मग भट्टीघर अंधारं करतात, कारण तापलेल्या पोलादाचा रंग हीच लोहाराची एकमेव मोजपट्टी असते. रंग जुळला की पातं एका झटक्यात पाण्यात. पातळ लेपाखालची धार क्षणात थंड होऊन काचेसारखी कठीण होते. जाड लेपाखालची पाठ सावकाश थंड होते आणि चिवट राहते. या ओढाताणीत पातं आधी पुढे झुकतं, मग मागे वळतं आणि तलवारीला तिची ओळखीची वक्रता येते. याच क्षणी कधी धारेला बारीक चीर जाते आणि आठवड्यांचं काम फुकट जातं. कठीण धार आणि चिवट पाठ यांची ही जोड हाड, चामडं, लाकूड कापताना पातं तुटू नये म्हणून शोधली गेली. शिसं चिरण्याचं काम ती करते, पण त्यासाठी ती जन्मलेली नाही.

चित्रपटांत सामुराई हाताने तलवार फिरवून गोळ्या उडवतो, त्याबद्दल थोडं. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. तेवढ्यात पिस्तुलाची गोळी पन्नास मीटर जाते. दहा मीटरवरून झाडलेली गोळी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात अंगावर. त्यात धार गोळीच्या वाटेवर असण्याचा अवधी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. म्यानातून तलवार उपसण्याच्या ‘इआय-जुत्सू’ कलेत निष्णात असलेल्या इसाओ माचिई यांनी हवेतल्या हवेत गोळी कापून दाखवली, ती एअरसॉफ्ट बंदुकीची प्लॅस्टिकची गोळी होती. खऱ्या गोळीच्या मानाने पुष्कळच मंद. कौशल्य विलक्षणच, पण समोरून कधी आणि कुठून गोळी येणार याची त्यांना कल्पना होती.

तलवारीने गोळी अडत नाही, हे जपानमधल्या तलवारबाजांना आधीपासून ठाऊक होतं. १५४३ साली पोर्तुगीजांकडून तोड्याच्या बंदुका तानेगाशिमा बेटावर आल्या. तिथल्या सरदाराने नक्कल करायला त्या दिल्या याइता किन्बेई या लोहाराकडे, म्हणजे तलवारी घडवणाऱ्या हातांकडेच. पुढच्या तीसेक वर्षांत त्या देशभर पसरल्या आणि १५७५ साली नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदुकांनी ताकेदांच्या नामांकित सैन्याची दाणादाण उडवली. गोळी अडवायची कशी, हा प्रश्न तेव्हा जीवनमरणाचा झाला. त्याचं उत्तर शोधलं चिलखतकारांनी. जाड पत्र्याची चिलखतं त्यांनी केली, विकण्यापूर्वी त्यांवर बंदूक झाडून पाहिली आणि गोळीचा पोचा मुद्दाम तसाच ठेवला. गिऱ्हाइकाला तीच खात्री. अशी पोचे पडलेली चिलखतं आजही संग्रहालयांत आहेत.

मियामोतो मुसाशीचं मत तर ऐकण्यासारखं आहे. आयुष्याच्या अखेरीस, १६४३पासून, कुमामोतोजवळच्या रेइगान्दो गुहेत बसून त्याने आपला ग्रंथ लिहिला. किल्ल्याच्या आतून लढताना बंदुकीसारखं शस्त्र नाही, असं तो मोकळेपणी मान्य करतो. आणि तिचा दोष सांगतो तो असा की बाण जाताना दिसतो, गोळी दिसत नाही. जपानच्या सर्वांत ख्यातनाम तलवारबाजाने गोळी तलवारीने उडवण्याचा विचारही मांडलेला नाही.

त्याच कुमामोतोत पुढे या प्रश्नाचं उत्तर माणसांनी जिवानिशी दिलं. मार्च १८७६ मध्ये सरकारने सामुराईंना तलवार बाळगायला बंदी केली. ऑक्टोबरच्या २४ तारखेला रात्री शिनपुरेन या सामुराईंच्या गटाचे सुमारे १७० जण इथल्या छावणीवर तुटून पडले. परकी शस्त्रं त्यांना विटाळासारखी वाटत. त्यांनी बंदुका घेतल्या नाहीत. बेसावध छावणीत त्यांनी आधी कहर केला, सेनापतीलाही मारलं. मग शिपाई सावरले, त्यांनी बंदुका उचलल्या आणि सकाळपर्यंत बंड संपलं. बहुतेक जण गोळ्यांनी गेले किंवा त्यांनी स्वतःच्या हाताने जीव दिला. तलवारीवर त्यांची जी निष्ठा होती तिच्याविषयी मला आदर आहे, आणि तिची जी किंमत त्यांनी मोजली तिचं दुःखही.

मात्र चारच महिन्यांनी, १८७७च्या मार्चमध्ये, कुमामोतोच्याच उत्तरेला ताबारुझाकाच्या चढावर तलवार पुन्हा कामी आली. साइगो ताकामोरीच्या बंडखोरांविरुद्ध तिथे सतरा दिवस झुंज चालली. गोळ्यांचा मारा इतका दाट होता की हवेतच एकमेकींवर आदळून चिकटलेल्या गोळ्या नंतर तिथल्या मातीत सापडल्या. सरकारने पोलिसांतून तलवारबहाद्दर निवडले, त्यांची ‘बात्तोताई’ तुकडी केली आणि ती खंदकांवर सोडली. पावसाने बंडखोरांच्या तोंडाकडून भरायच्या बंदुका निकामी होत होत्या, अंतर हातभर उरलेलं होतं. तलवार तिथे चालली, कारण समोरची गोळी सुटलीच नव्हती.

आज जपानमध्ये तलवार घडवायला सरकारी परवाना लागतो. त्याआधी पाच वर्षं उमेदवारी, आणि परवाना मिळाल्यावरही महिन्याला दोनच लांब तलवारी करायची मुभा. ओकुइझुमोच्या भट्टीतून निघालेलं पोलाद या मोजक्या लोहारांना वाटून दिलं जातं. एवढ्या कष्टाची वस्तू मशीनगनपुढे उभी करून तोडण्याला माझा विरोध आहे. मऊ शिसं आणि कठीण धार यांची गाठ पाहायचीच असेल त्याने कारखान्यातलं साधं पातं शिकंज्यात आवळावं. गोळी त्यावरही चिरली जाईल.